हाग्गय 1 मधला दुष्काळ माणदेशात कसा मांडावा?

माणगंगा_काठ:
जय ख्रिस्त. पुढच्या रविवारी माण तालुक्यातल्या एका छोट्या मंडळीत हाग्गय 1 वर (बायबलच्या जुन्या करारातलं हाग्गय संदेष्ट्याचं पुस्तक, अध्याय 1) 25 मिनिटांचा उपदेश आहे. विषय असा: विश्वासात ढिलाई आली की देव शिस्त लावतो, ती ओळखायची कशी आणि मानायची कशी. अडचण वचन 9 ते 11 ची. देवाचं घर, म्हणजे यरुशलेमचं मंदिर, ओसाड पडलं म्हणून आकाशाने दव आवरलं, भूमीने उपज आवरली. समोर बसणाऱ्या निम्म्या लोकांच्या विहिरी उन्हाळ्याआधीच तळ गाठतात. हे वाचलं की "तुमच्या पापामुळे पाऊस नाही" एवढंच कानावर पडणार. गाळायचं तर नाही. मग कसं मांडावं?

पोथी_आणि_पेन्सिल:
गाळू नका, पण ही तीन वचनं एकटीही वाचू नका. आधी तारखा फळ्यावर लिहा. दोन अध्याय, 38 वचनं, आणि तारखा दिवसासकट. पारसाचा राजा दारयावेश याचं दुसरं वर्ष, म्हणजे इ.स.पू. 520. सहाव्या महिन्याच्या 1 तारखेला पहिला संदेश, 24 तारखेला काम सुरू. मध्ये 23 दिवस. त्याआधी मंदिराचा पाया घालून काम जवळपास 16 वर्षं थांबलेलं होतं.

आता अध्याय 2, वचन 16 आणि 17 बघा. वीस मापांच्या राशीला गेलं तर दहाच, द्राक्षकुंडातून पन्नास मापं काढायला गेलं तर वीसच. तांबेरा, भेरड, गारा, सगळं झालं, तरी लोक वळले नाहीत. तुमच्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे. नुसत्या दुष्काळाने एकही माणूस सुधारला नाही. पीक निम्म्यावर आलं ते त्यांना दिसत होतं, का आलं ते कळत नव्हतं. वळले ते संदेष्टा येऊन बोलल्यावर, 23 दिवसांत. म्हणजे आभाळ बघून देवाचं मन वाचता येत नाही, त्याला देवाचा शब्द लागतो. तसा शब्द हातात नसताना दुसऱ्याच्या कोरड्या विहिरीकडे बोट दाखवायचा अधिकार कुणालाच नाही, उपदेशकालाही नाही.

मूळ हिब्रूत एक शब्दखेळ आहे. मंदिर "हारेब" (ओसाड), म्हणून देव "होरेब" (अवर्षण) बोलावतो. अक्षरं तीच, स्वर वेगळे. वेळ असेल तरच सांगा, नाहीतर लोक त्यातच अडकतात.

घाटमाथा:
वरच्याशी सहमत, एक भर. ही भाषा बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातल्या (28:22-24) कराराची आहे. कनान देशात वसलेल्या इस्राएलशी तो करार होता. दहिवडी-म्हसवडला तो तसाच चिकटवता येत नाही.

भूगोलही सरळ बोला, संकोच नको. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्याच सातारा जिल्ह्यात माणमध्ये पाचशेच्या आसपास. सह्याद्री ढग अडवतो, पूर्वेकडे पर्जन्यछाया. महाबळेश्वरचे लोक म्हसवडपेक्षा दहापट धार्मिक आहेत म्हणून हे होत नाही! या एका वाक्याने सभेतला ताण उतरेल.

त्याला जोडून लूक 13:4. शिलोहाचा बुरूज पडून 18 जण मेले, ते इतरांपेक्षा जास्त पापी होते का? प्रभू सरळ "नाही" म्हणतो. पण लगेच ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो. बोट दुसऱ्याकडून स्वतःकडे वळतं. तुमच्या उपदेशाचं वळण तेच ठेवा.

सांज_उपासना:
दोन ठिकाणी हमखास घसरतं.

पहिलं, हाग्गय म्हटलं की चर्चच्या इमारतीचा निधी. त्या रविवारी अर्पणाची जादा पेटी फिरवू नका, सगळा उपदेश वर्गणीसाठी होता असं वाटतं. वचन 8 मधली आज्ञा डोंगरावर जाऊन लाकूड आणायची आहे, पैशाची नाही.

दुसरं, "वळा, की पाऊस येईल" असं आश्वासन. काम सहाव्याच्या 24 ला सुरू झालं, आशीर्वादाचा शब्द आला नवव्याच्या 24 ला. बरोबर तीन महिने. तेव्हाही द्राक्ष, अंजीर, डाळिंब, जैतून यांना फळ नव्हतं (2:19). मधल्या काळात लोक खचलेसुद्धा, म्हणून सातव्याच्या 21 ला धीराचा संदेश द्यावा लागला. वळल्यानंतरचा हा कोरडा काळ उपदेशात कुणी घेत नाही. निदान पाच मिनिटं त्याला द्या.

आणि कुणी खरंच उपासनेपासून लांब गेला असेल, तर व्यासपीठावरून आडून टोमणा नको. मत्तय 18:15-17 चा क्रम पाळा: आधी एकट्याने घरी जाऊन, मग एक-दोघांना घेऊन, मंडळीपुढे सर्वांत शेवटी. लोक पहिली पायरी गाळतात, आणि तो माणूस कायमचा तुटतो.

माणगंगा_काठ:
आभारी आहे. वचन 8 मध्ये लाकूडच का, दगड का नाही?

पोथी_आणि_पेन्सिल:
बरेच अभ्यासक असं सांगतात की दगड ढिगाऱ्यात पडून होतेच, बाबेलच्या लोकांनी मंदिर जाळलं त्यात गेलं ते लाकूड. वाचनाचा क्रम असा ठेवा: 1:2-8, मग 2:15-19, त्यानंतरच 1:9-11. शेवट 1:13 वर करा, "मी तुमच्याबरोबर आहे". हा शब्द काम सुरू होण्याच्या आधी आलाय, नंतर नाही.