मदत हवी आहे : केळीच्या बांधावर उंच बांबू, अ‍ॅस्पर की बाल्कोआ?

राम राम मंडळी. शेत यावल तालुक्यात, काळी जमीन, ठिबक आहे. मे-जूनच्या वादळात उभी केळी आडवी होते, म्हणून पश्चिमेच्या बांधावर बांबूची दाट ओळ लावायचा विचार आहे. वाराही अडेल आणि घडाला टेकू द्यायला काठ्या घरच्याच मिळतील. आज त्या विकतच आणाव्या लागतात.

नर्सरीवाले अ‍ॅस्पर घ्या म्हणतात. तो 20 ते 30 मीटर जातो, कोंबाची भाजी होते, हे खरं. पण तो आग्नेय आशियातल्या दमट हवेचा. आपल्याकडचा 44-45 अंशांचा उन्हाळा आणि कोरडा वारा त्याला मानवेल का? माझा कल बाल्कोआकडे आहे, त्याच्या काठीची भिंत जाड असते. सातपुड्यातला मानवेल जातीचा बांबू इथे निभावतो हे माहीत आहे, पण त्याची उंची कमी पडेल असं वाटतं.

जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये कुणी यातला एखादा वाढवला असेल तर कृपया सांगा: उन्हाळ्यात पाणी किती लागलं? केळीपासून किती अंतर सोडलं? मुळं वरच्या थरातच पसरतात, ती केळीचं खत ओढतील ही मोठी धास्ती आहे. पावसात पाणी साचलं तर बांबूचं बेट तग धरतं का?

आणखी एक. तीन-चार वर्षांचा पक्का बांबू हिवाळ्यात तोडला तरी भुंगा लागतोच. म्हणून काठ्या बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात शेतावरच बुडवून ठेवण्यासाठी हौद कसा केला, कुणाकडे फोटो असेल तर टाका. रोपं या पावसाळ्यातच लावायची आहेत.