बरं वाटलं तरी गोळ्या चालूच

भाच्याला विल्सन डिसीज आहे आणि हाताची थरथर थांबल्यावर तो गोळ्या सोडायचं म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंत. उगाच घाबरवू नका, पण स्पष्ट सांगा: जादा तांबं बाहेर टाकणं त्याच्या यकृताला जन्मापासूनच जमत नाही, गोळ्या थांबवल्या तर यकृत अचानक निकामी होऊ शकतं. पेनिसिलामाइन असो वा झिंक, जेवणाआधी तासभर रिकाम्या पोटी. कॉलेजच्या पोरांचं घोडं बहुतेक इथेच अडतं, म्हणून वेळा त्यालाच ठरवू द्या. तांब्याच्या भांड्यातलं पाणी मात्र बंद, आजी कितीही रागावली तरी! आणि सख्ख्या भावंडांची तपासणी झाली का? लक्षणं नसली तरी प्रत्येकाला २५ टक्के शक्यता असते.