एपीएस आणि हाताच्या आपोआप हालचाली, कुणाला अनुभव?

बहिणीला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (एपीएस, शरीराच्याच अँटिबॉडीजमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा आजार) आहे, वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू आहे. महिनाभर उजवा हात नि चेहरा आपोआप हलतोय, झोपेत थांबतं. एमआरआय नॉर्मल आला आणि घरचे म्हणतायत टेन्शनमुळे होतंय, पण मला ते काही पटत नाहीये. दोन्हीचा संबंध असू शकतो का?

उत्तर १:
ताई, असू शकतो. अशा आपोआप होणाऱ्या हालचालींना कोरिया म्हणतात, एपीएसमध्ये क्वचित दिसतो पण हालचालींच्या त्रासांत तोच जास्त. नेहमी गुठळीच कारण असते असं नाही, अँटिबॉडीज मेंदूतल्या बेसल गँग्लियावर (हालचाली सांभाळणाऱ्या भागावर) थेट परिणाम करत असाव्यात असं मानतात, म्हणून एमआरआय नॉर्मल म्हणजे काही नाही असं अजिबात समजू नका. हात हलताना व्हिडिओ काढून न्यूरोलॉजिस्टला दाखवा.

उत्तर २:
इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात का त्या? त्यानेही कोरिया सुरू होतो, शिवाय एपीएसमध्ये त्या टाळायच्याच असतात. ल्युपसची (एपीएससोबत बऱ्याचदा असणारा ऑटोइम्यून आजार) तपासणी झालीय ना?

प्रश्नकर्ती:
गोळ्या नाहीत. ल्युपसचं विचारते.

उत्तर १:
वॉरफरिन मनाने बंद करू नका हां. हालचालींसाठी हॅलोपेरिडॉल, कधी स्टेरॉइड देतात, बऱ्याच जणांचं कमी होतं. आणि अचानक तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हातातली ताकद गेली तर थेट इमर्जन्सीत न्या.