करमुक्त पगार, पण घरभाडं?

दुबईत पगारावर आयकर नाही म्हणजे बचत नक्की, असं कुणीतरी लिहिलंय. अर्धंच खरं! माझा धाकटा भाऊ गोव्यातल्या डिचोलीहून तिकडे गेला. घरभाड्याचे पुढच्या तारखांचे चेक एकदम लिहून देतानाच त्याला घाम फुटला. शिवाय २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहेच. कंपनी राहायला जागा देत असेल तरच गणित जमतं.

हवेचं तर विचारूच नका. आपण मे महिन्यात पस्तिशीलाच हाशहुश करतो, तिकडे पारा ४५. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उन्हातलं काम कायद्यानेच बंद. नेमका तेव्हा इथे धो धो पाऊस, आणि भावाचा रोज फोन: 'पाण्याचा आवाज ऐकव रे दादा.'