गादीवाफ्यातला वसंत : तुमचे अनुभव सांगा

न्यू जर्सी :
आमच्या मागच्या अंगणातली माती एकदम चिकट, पाऊस पडला की दोन दोन दिवस पाणी हटत नाही आणि सुकली की कुदळ आत जात नाही, म्हणून गेल्या वर्षी रेज्ड बेड केले. गावाला आजोबा हळदीला आणि कांद्याच्या रोपाला गादीवाफा करायचे तेच हे, फक्त बाजूने सीडरच्या फळ्या. ४ बाय ८ फूट, उंची १० इंच, असे दोन. मातीचा हिशोब आधी केलाच नाही. एका वाफ्याला जवळपास २७ घनफूट लागते, म्हणजे दीड घनफुटाच्या १८ पिशव्या, दोन वाफ्यांना ३६! तेवढीच माती ट्रकने सुटी मागवली असती तर बरेच पैसे वाचले असते. पण खरं वाईट वाटलं ते वेगळंच. एप्रिलच्या सुरुवातीला छान ऊन पडलं, ७० डिग्री फॅरनहाइट, राहवलं नाही आणि टोमॅटो-वांग्याची रोपं लावून टाकली. पंधरा दिवसांनी एका रात्री दंव गोठलं, सकाळी बघते तर सगळी पानं काळी पडून लोंबलेली. फेब्रुवारीपासून खिडकीत वाढवलेली रोपं होती ती. यंदा मदर्स डे (मे महिन्याचा दुसरा रविवार) झाल्याशिवाय एकही रोप बाहेर जाणार नाही. तुम्ही काय, कधी, कशात लावता ते सविस्तर सांगा, आणि चुकलेलं आधी सांगा, त्याचा जास्त उपयोग होतो.

मिनियापोलिस :
आमच्याकडे एप्रिलमध्येही बर्फ पडतो, त्यामुळे मी तारीख बघतच नाही. मातीत खुपसायचा थर्मामीटर मिळतो, तो सकाळी तीन-चार इंच आत घालून बघते. ४५ फॅरनहाइटच्या आसपास गेला की मटार, पालक, मुळा. ५० झालं की मेथी, तीही किराणातलीच, रात्रभर भिजवून दाट पेरायची नि वर अगदी पातळ माती. धणे मात्र चोळून दोन फाडी करूनच. टोमॅटो-मिरची ६० च्या वर आणि भेंडी ६५ शिवाय नाहीच, गार मातीत तिचं बी कुजतं, माझं दोनदा कुजलंय. वाफा उंच असला की पाणी निथळतं आणि माती जमिनीपेक्षा लवकर तापते, हा इथे फार मोठा फायदा आहे. अजून एक, घरातली रोपं एकदम बाहेर लावू नका. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग थोडं थोडं ऊन, असं आठ-दहा दिवस करायचं, नाहीतर पानं पांढरी पडून करपतात.

डॅलस :
आमचं सगळं उलटं. तुम्ही मदर्स डेची वाट बघता, इथे तोपर्यंत थांबलं तर टोमॅटो हातचा गेला. मार्चच्या मध्याला लावायचा, एखाद्या गार रात्री जुनी चादर पांघरायची. जूनमध्ये दिवसा ९५ आणि रात्री ७५ च्या वर गेलं की फुलं गळतात, फळ धरतच नाही. तेव्हा मग आपली भेंडी, गवार आणि चवळी खऱ्या अर्थाने सुरू होतात! वाफा लवकर सुकतो हाच एक त्रास, ठिबकची नळी आणि वर वाळक्या पानांचं तीन इंच आच्छादन, एवढं केल्यावर मला निम्मंच पाणी लागलं.

लीड्स :
आम्हाला अर्धी अलॉटमेंट, म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, मिळालीये. मेथी छान उगवली आणि एका रात्रीत साफ. उंदीर असतील असं वाटलं, पण गोगलगायी निघाल्या, बिनशंखाच्या. दिवसा त्या फळी आणि माती यांच्यामधल्या फटीत बसतात हे कळायला महिना गेला. आता रोज रात्री टॉर्च घेऊन जातो आणि वेचतो, आणि फटी मातीने गच्च भरून टाकल्यात. तांब्याच्या पट्टीने मला तरी काही फरक पडला नाही.

पेनसिल्व्हेनिया :
हे जरा लांबलचक आहे पण कृपया वाचा. ओळखीच्या एका तबेल्यातून घोड्याची लीद फुकट मिळाली, चांगली कुजलेली, काळीभोर, वास नाही. तीन वाफ्यांत घातली. काकडी आणि भोपळा ठीक आले पण टोमॅटोची नवीन पानं मुठीसारखी वळायला लागली, शेंडा नेच्यासारखा दिसायला लागला, घेवडा तर वाटीसारखी पानं करून तिथेच थांबला. मी व्हायरस समजून रोपं उपटली, परत नवीन लावली, परत तेच. शेवटी कळलं की कुरणातल्या रुंद पानांच्या तणावर मारायची काही औषधं अशी असतात की ती गवतातून घोड्याच्या पोटात जाऊन लिदीतही तशीच उरतात, आणि खत कुजलं तरी लवकर जात नाहीत. सगळा हंगाम गेला. मुलीने स्वतःच्या हाताने लावलेलं रोप उपटताना ती रडली, ते अजून डोळ्यासमोर आहे. आता कुठलंही शेणखत, लीद, विकतचं कंपोस्ट आणलं की ते थोड्या साध्या मातीत मिसळून दोन-तीन कुंड्यांत घेवडा लावतो आणि शेजारी एक कुंडी खताशिवाय. तीन आठवडे थांबायचं. पानं सरळ आली तरच ते वाफ्यात घालायचं.

न्यू जर्सी :
बरं झालं सांगितलंत, मी पुढच्या आठवड्यात लीदच आणणार होते. आधी घेवडा लावते.

टोरोंटो :
आमचे वाफे अडीच फूट उंच आहेत, सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी केले. तळाला पडलेल्या झाडाचे ओंडके, वर वाळकी पानं आणि सर्वात वर फक्त एक फूट चांगली माती, त्यामुळे खर्च आवाक्यात राहिला, फक्त दरवर्षी ती खाली बसते आणि वरून भर घालावी लागते. सासरे साताऱ्याकडचे, आयुष्यभर शेती केलेली, इथे आल्यावर पहिला हिवाळा ते फारसं बोललेच नाहीत. मार्चमध्ये त्यांच्या हातात खुरपं आणि कांद्याची रोपं दिली आणि त्या दिवसापासून सकाळचा चहा वाफ्याशेजारी खुर्चीत. त्यांच्याकडे थर्मामीटर वगैरे नाही, मनगटापर्यंत हात मातीत घालतात आणि मनात दहापर्यंत मोजतात, तोवर बोटं गारठली तर नाही लावायचं. काल मिरचीची रोपं बाहेर आणली होती. हात घातला, "अजून आठ दिवस" म्हणाले आणि सगळा ट्रे उचलून परत आत घेऊन गेले.