खेळणं दिलं म्हणून चांदणी द्यावी का?

ओसरी:
खेळणं दुसऱ्याला दिलं की चांदणी, दहा चांदण्यांवर चॉकलेट. हा तक्ता बालवाडीतून घरांत आलाय. माझ्या मते तो काढून टाकावा. 2008 साली वॉर्नेकन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी 20 महिन्यांच्या मुलांवर केलेला प्रयोग बघा. मोठ्यांना मदत केल्यावर काहींना बक्षीस मिळालं, काहींना शाबासकी, काहींना काहीच नाही. नंतर बक्षीसवाल्या मुलांनी इतरांपेक्षा कमी मदत केली. मदतीची ओढ त्या वयात असतेच, आपण तिचा भाव ठरवतो.

पाटीपेन्सिल:
प्रयोग मान्य, निष्कर्ष घाईचा. ती मुलं मुळात मदत करणारीच होती. चार वर्षांचं होऊनही जे मूल चेंडू सोडत नाही, त्याचं काय? चाळीस मुलांच्या वर्गात एकेकाशी बोलत बसता येत नाही. दोन आठवडे रोज चांदणी, तिसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड, मग बंद. वर्षभर चालू ठेवली की घोळ होतो. आणि तक्ता भिंतीवर लावू नये, मुलं एकमेकांच्या चांदण्या मोजत बसतात.

रानजाई:
चेंडू चांदणीशिवायही सुटतो! 'दे ना त्याला' म्हणत हातातून काढून घेतलं, तर ज्याच्या अंगात जोर त्यानं घ्यावं एवढंच मूल शिकतं. 'तुझं खेळून झालं की त्याला दे' असं सांगा आणि थांबलेल्याला तोवर दुसरं काही काम द्या. तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ चेंडूला चालतं, अर्धवट रचलेल्या ठोकळ्यांना नाही. तिथं रचून होईपर्यंत थांबायचं. घरी पाहुण्यांची मुलं येणार असतील तर लाडकी दोन-तीन खेळणी आधीच त्याला स्वतःच्या हातानं कपाटात ठेवू द्या.

ओसरी:
दोन आठवड्यांची मर्यादा खरंच पाळली तर माझा विरोध कमी होईल, पण चॉकलेट नकोच. द्यायची सवय लावायला आपल्याकडे मुष्टिफंड आहे, म्हणजे दुसऱ्यासाठी मूठभर धान्य बाजूला काढणं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी असंच घरोघरचं मूठमूठ धान्य जमायचं. रोज तांदूळ काढताना मुलानं आपली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. लहान मूठ म्हणजे 15-20 ग्रॅम, महिन्याला अर्ध्या किलोच्या आसपास. डब्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवा, नाहीतर किडे होतात. महिनाअखेरीस ते गरजू घरी द्यायला मूल सोबत न्या.

पाटीपेन्सिल:
डबा पटला, महिना नाही. चार वर्षांच्या मुलाला महिन्यापूर्वीची मूठ आठवत नाही. दर शनिवारी द्या. आणि मूल सोबत नेण्याला माझा ठाम विरोध आहे. घेणाऱ्या घरात त्याच वयाचं मूल असेल तर उद्या दोघं एकाच बाकावर बसणार आहेत. तिथं डबा मोठ्यांनीच नेऊन द्यावा.