तैवानमधल्या खात्याची माहिती हवी, पण इंटरपोलचा मार्ग बंद – मदत हवी आहे

सायबर फसवणुकीतले पैसे तैवानच्या बँक खात्यात गेलेत. १९८४ पासून तैवान इंटरपोलबाहेर आहे. इंटरपोलच्या आय-२४/७ या पोलीस संपर्क जाळ्यात तैवान नाही, त्यामुळे भारतपोलवरची (सीबीआयचं इंटरपोल विनंत्यांचं पोर्टल) विनंती तिथे थेट पोहोचत नाही. बँकेला ईमेल केला, उत्तर आलं: अधिकृत विनंती आणा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम ११२ खाली न्यायालयाचं विनंतीपत्र निघेल, पण वेळ लागेल. तोवर खात्यातली रक्कम निघून जाण्याची भीती. पुरावा नंतर, आधी खातं गोठवायचंय. तैवानचा २०१८ चा परस्पर साहाय्य कायदा वाचलाय: परस्परता (आपणही त्यांना तशीच मदत करू ही हमी) हवी, विनंती तिथल्या परराष्ट्र मंत्रालयामार्फत न्याय मंत्रालयाकडे. दूतावास नसल्याने ती तातडीची विनंती इंडिया-तैपेई असोसिएशनमार्फत (भारताचं तैपेईतलं कार्यालय) जाते की दिल्लीतल्या तैपेई केंद्राकडे (तैवानचं इथलं कार्यालय), आणि परस्परतेची हमी कोणाच्या सहीने चालते?